बेट बघायचं नाही, ठरलंय

१ फेब्रु., रवि. स्टुटगार्ट

तिकीट काढलं. झालं. आता मागे फिरणं नाही.

फ्रांकफुर्टहून कॅरिबियनमधल्या एका मोठ्या बेटावर, तिथून पंख्यांच्या टिल्लू विमानाने एका छोट्या बेटावर. नावं लिहीत नाही. मो.बे. आणि छो.बे., बास. छो.बे.वर उतरायचं, विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, संध्याकाळच्या विमानाने परत. पुस्तक फक्त जाण्याचं आणि येण्याचं. मध्ये पोहोचणं नाही. समुद्र नाही, नारळ नाही, ‘तिथली साधीभोळी माणसं’ तर अजिबात नाही. प्रवासवर्णनं वाचून वाचून विटलेय. ज्याला त्याला कुठेतरी पोहोचून शहाणं व्हायचं असतं.

अमेरिकेतून स्वस्त पडलं असतं. पण आपल्या पासपोर्टला तिथे नुसतं या विमानातून त्या विमानात बसायलाही व्हिसा. गेलात उडत.

आईला सांगितलं. नाशिकहून, मागे कुकर.

— कुणाकडे उतरणार?
— कुणाकडेच नाही.
— मग बघणार काय?
— काही नाही.
— मग जातेस कशाला मरायला?
— जायला.

फोन बाबांकडे. बाबांनी हवामान विचारलं.


३ फेब्रु., मंगळ.

ऑफिसात उरलाउब टाकला, म्हणजे रजा. (मी ब्रेकच्या सुट्या भागांच्या वापर-सूचना लिहिते. ‘हा स्क्रू आधी काढू नये.’ माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं साहित्य.) साहेबाने विचारलं, कुठे? म्हटलं, कॅरिबियन. अच्छा, बीचवर? म्हटलं, नाही, विमानतळावर बसणार आणि परत येणार. त्याने विचार केला. खरंच केला. मग म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, उन्हाने कातडी तरी सोलणार नाही.

आतापर्यंत ही आयडिया समजलेला हा एकटा माणूस.


५ फेब्रु., गुरु.

आईचं काहीतरी बिनसलंय. म्हणजे बिनसलेलं अचानक सरळ झालंय.

आज स्वतःहून फोन. ‘जा बाई. तुझंच वय आहे. जग बघून घे.’ मी फोन कानापासून लांब धरून नंबर बघितला. तिचाच. चार दिवसांपूर्वी हीच ‘मरायला’ म्हणत होती.

मग म्हणाली, तो मोरपंखी कुर्ता ने. आणि केस धुऊन जा.

— आई, मी विमानतळावरच्या खुर्चीत बसणारे.
— मग खुर्चीत बसलेली माणसं काय झिंज्या सोडून बसतात?

काहीतरी शिजतंय. कुकर नव्हे.


८ फेब्रु., रवि.

सुलभाकाकू. आईची कॉलेजातली मैत्रीण, वीसेक वर्षं इथे जवळच झिंडेलफिंगेनमध्ये. काका गाड्यांच्या कंपनीत. वर्षातून एकदा गणपतीला भेट, तेव्हा मला ‘अजून लिहितेस का गं?’ असं विचारतात, ‘अजून खोकला आहे का गं?’ च्या चालीवर.

आज न सांगता दारात. हातात फुगलेली कापडी पिशवी.

‘अगं, आमचा तन्मय तिथेच आहे ना! त्याच बेटावर. समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आहे, तो हाच बघतो. दीड वर्ष झालं, घरचं काही पोटात नाही पोराच्या.’

जाडे पोहे. भाजणी. मेतकूट. लसणाची चटणी तीन पिशव्यांत गुंडाळलेली, तरी WG-च्या, आमच्या सामायिक फ्लॅटच्या, पॅसेजमध्ये वास. माझी फ्लॅटमेट याना दार उघडून बघून गेली.

म्हटलं, काकू, मी बेटावर जाणारच नाहीये. विमानतळाच्या आत बसणारे. नियम आहे.
— कुणाचा नियम?
— माझा.
— मग तो येईल ना विमानतळात. पाच मिनिटं. तुझा नियम तुझ्यापाशी.
— मी कुणाचं काही नेणार नाही, काकू. मला रिकाम्या हाताने जायचंय. तेच तर पुस्तक आहे.
— पुस्तकाला काय भाजणी आडवी येते?

खालून हॉर्न. काकूंनी खिडकी उघडली. ‘अहो! दोन मिनिटं थांबा म्हटलं ना!’ खालून काका, नो पार्किंग आहे, वगैरे. पिशवी माझ्या हातात, काकू जिन्यात.

आपल्याकडे कुणीच नुसतं जात नाही. कुणीही कुठेही निघालं की त्याच्या पाठीवर दुसऱ्याचा डबा. पुण्याहून म्युनिकला, म्युनिकहून डेट्रॉइटला. आता विषुववृत्ताच्या शेजारीसुद्धा भाजणी पोचणार, आणि ती मी पोचवणार.

हरले. पण लढून.


१३ फेब्रु., शुक्र.

कुर्ता घेतला नाही. केस धुतले, कारण ते तसेही धुवायचे होते.


१४ फेब्रु., शनि. विमानात

फ्रांकफुर्टच्या सिक्युरिटीत मेतकूट उघडलं. अधिकारी बाईने कागदाची पट्टी फिरवली, मशीनमध्ये घातली. वास इस्ट दास, हे काय? म्हटलं, डाळी. भाजलेल्या. भातावर घालतात. तिने वास घेतला, शिंकली, जाऊ दिलं.

शेजारी एक जोडपं, डोक्याला आत्ताच स्ट्रॉ हॅट. तुम्ही कुठे राहणार? कुठेच नाही. बाई नवऱ्याकडे सरकली.

पहिलं पान लिहिलं. फक्त पट्टा बांधण्याबद्दल. छान जमलं. कोणी बघत नसेल तेव्हाच छान जमतं.


१५ फेब्रु., रवि. मो.बे., विमानतळ, सकाळी

माणसं तोलतात! सामानासकट काट्यावर उभं करून. विमान एवढं लहान की कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं.

माझ्या पुढे एक जाडजूड मावशी, हातात केकचा तीनमजली खोका. कुणाच्या तरी बारशाचा. काटा बघून काउंटरवरचा पोरगा मान हलवायला लागला. मावशी म्हणाल्या, केक उतरवायचा असेल तर मी उतरते, केक जाईल. सगळी रांग मावशींच्या बाजूने. मग पोरग्याने माझ्याकडे बघितलं. एक नग मागे ठेवाल का? पुढच्या विमानाने पाठवतो.

ठेवाल का! मी काकूंची पिशवी अशी सरकवली की तो दचकला. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. जा, केका. तुझ्यामुळे मी रिकाम्या हाताने चाललेय.


त्याच दिवशी. छो.बे., विमानतळाच्या आत, दुपार

डोंगर संपतो आणि पाणी सुरू होतं, त्याच्या मधली पट्टी म्हणजे रनवे. समुद्राबद्दल लिहिणार नव्हते. लिहिलं. खोडणार नाही.

एकच खोली. खुर्च्या. पंखा. एक काउंटर, त्यामागे वर्नाबाई. चेक-इन त्याच करतात, माईकवरून घोषणा त्याच करतात, थंड सरबतही त्याच विकतात. दाराजवळ, भिंतीला टेकून चार पुरुष, एकसारखे निळे टी-शर्ट, छातीवर प्लांटचं नाव. आणि त्यांच्या पुढे एक, कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले.

— तुम्ही सई ना? आल्झो… म्हणजे… प्रवास कसा झाला?
— तुमची पिशवी मागे राहिली. केकमुळे.
— पिशवीचं काय एवढं! तुम्ही आलात.

‘तुम्ही आलात’ हे वाक्य मला आवडलं नाही.

म्हटलं, मी इथे बसणारे. संध्याकाळी परत. बाहेर येणार नाही. पुस्तक लिहितेय. तो हसला. आई म्हणालीच होती, मुलगी जरा वेगळी आहे.

मुलगी.

तेवढ्यात वर्नाबाई काउंटरमागून, इंग्रजीत, खणखणीत आवाजात: हीच का रे ती, तुला बघायला जर्मनीहून आलेली? आणि निळ्या टी-शर्टांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या.

मी तन्मयकडे बघितलं. त्याने माझ्याकडे. त्याचा चेहरा पायऱ्या उतरल्यासारखा उतरत गेला.

— तुम्हाला… सांगितलं नाही?
— काय?
— अगंबाई.

खरंच ‘अगंबाई’ म्हणाला. सहावीत असताना जर्मनीत आला, मराठी सगळं आईच्या तोंडून शिकलेला. म्हणून तिशीचा दाढीवाला इंजिनियर सुलभाकाकूंसारखा बोलतो. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून लोळले असते.

मग कळलं ते असं. त्याला सांगितलेलं: मुलगी स्वतःहून येतेय. लाजाळू आहे, म्हणून विमानतळावरच भेटेल. म्हणजे त्याच्या लेखी मी दहा तास समुद्रावरून उडून त्याला ‘बघायला’ आले होते. त्याने प्लांटवर रजा टाकली. शर्ट इस्त्री केला. बेट केवढंसं! सगळ्यांना माहीत. केकवाल्या मावशींनाही माहीत, त्या जाताना माझ्या गालाला हात लावून गेल्या होत्या. मला वाटलेलं केकबद्दल आभार.

जगात पहिल्यांदा असं झालं असेल की मुलगी स्वतःच पोहे घेऊन मुलाच्या दारात गेली.

आईला फोन. वर्नाबाईंच्या वायफायवरून. मी ओरडले असेन, पंखा पण थांबल्यासारखा वाटला.

— अगं नुसती ओळख! बघण्याचं कोण म्हणालं?
— सगळं विमानतळ म्हणतंय!
— तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस का?
— मी जाणारच होते!
— मग झालं तर.

आईच्या वाक्यांना दार असतं, पण आतूनच कडी.

मग हळू आवाजात: ‘सई, इथे पाच जणांची नावं काढली, तू एकाचंही ऐकून घेतलं नाहीस. म्हटलं, पोरगी आपल्या पायाने चाललीय, तर तिथे एक माणूस उभा केला. काय बिघडलं?’

माझा प्रवास बिघडला. तो माझा होता. एकच गोष्ट अशी करत होते जिला काही कारण नव्हतं, तिच्यात त्यांनी कारण घातलं, पिठात मीठ घालावं तसं. आता काढून दाखवा.

तन्मय दोन सरबतं घेऊन आला. मी घेतलं नाही. दोन्ही त्यानेच प्याली.


त्याच दिवशी, संध्याकाळ

वारा. आडवा. वर्नाबाईंनी माईक हातात घेतला, खोलीत मी आणि तन्मय दोघंच, तरी माईकवरूनच: संध्याकाळचं विमान येणार नाही. उद्याचंही सांगता येत नाही.

‘मेलं हे वारं!’ – तन्मय.

वॉचमन किल्ल्या घेऊन आला. मी उठले नाही. म्हटलं, इथेच बसते. वर्नाबाई म्हणाल्या, इथे कुणी झोपत नाही. म्हटलं, झोपणार नाही, बसते. तन्मय म्हणाला, प्लांटवर गेस्टरूम आहे, स्वच्छ आहे, मी दुसरीकडे जाईन. म्हटलं, तुमच्या गेस्टरूममध्ये गेले की उद्या नाशिकमध्ये पेढे. त्याला पटलं. त्याने वॉचमनला माझी बाजू समजावून सांगितली. वॉचमनने पंखा बंद केला. मग एक दिवा. मग दुसरा. मी बॅग मांडीवर घट्ट. भीती नाही वाटली, लाज वाटली नाही, फक्त राग, स्वच्छ, धुतल्यासारखा. आई, काकू, वारा, सगळ्यांनी मिळून मला त्या दाराबाहेर ढकलायचं ठरवलंय आणि मी एक खुर्ची धरून बसलेय.

शेवटी वर्नाबाई माझ्यासमोर वाकल्या. माझ्या घराचा व्हरांडा विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. तिथून रनवे दिसतो. चालेल?

— हा येणार नाही ना?
— हा येणार नाही.

उठले. दार ओलांडलं. नियम मोडला, पण त्यांच्यासाठी नाही. हे इथे लिहून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको.


१६ फेब्रु., सोम. वर्नाबाईंचा व्हरांडा

कोंबडे. इथले कोंबडे पहाटेची वाट बघत नाहीत.

वर्नाबाईंनी भाजलेला मासा आणि एक उकडलेला कंद दिला, सुरणासारखा. प्रश्न एकही विचारला नाही. त्यांच्या लग्नाबद्दल मीच विचारलं. ‘दोन झाली,’ म्हणाल्या. ‘दोन्ही मीच ठरवली. एक चुकलं.’

तन्मय फाटकापाशी. आत आला नाही. ‘हा येणार नाही ठरलंय ना? मी बाहेरच उभा राहतो.’ आज शर्ट नाही, निळा टी-शर्ट. बरा दिसतो. म्हणजे कालच्यापेक्षा.

आणि मग बोलायला लागला. फाटकाच्या त्या बाजूने, गजांवर हात ठेवून, न थांबता. मेम्ब्रेन, पंप, शेवाळ. दीड वर्षात कुणाशी मराठी नाही, जर्मनही नाही. पंपांशी मराठीत बोलतो. तीन नंबरचा पंप आजारी असला की ‘काय रे बाळा’ म्हणतो. त्याला मी आवडत होते असं नाही, त्याला कुणीतरी ऐकत होतं. मला ते समजलं. मी पण ऑफिसात स्क्रूंशीच बोलते.

मग मुद्द्यावर आला. आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, दोघांच्याही लक्षात न येता.

— हे बघ, तू नाही म्हणणार, मला माहितीये. म्हण. फक्त लगेच कळवू नकोस. एक-दोन महिने ‘विचार करतेय’ म्हण. नकार गेला की आई दुसरी पाठवेल. अजून एक पिशवी.
— नाही.
— काय नाही?
— तुझ्या सोयीसाठी पण नाही. मी त्यांच्यासाठी नाही आले आणि तुझ्यासाठी पण नाही. मी कुणाचा निरोप, कुणाचा बहाणा, काही होणार नाही.
— मग तू नक्की कशासाठी आलीस?
— येण्यासाठी.
— आणि?
— जाण्यासाठी.
— म्हणजे मी मध्ये आलो.

तो गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज. वर्नाबाई आतून म्हणाल्या, शब्द कळत नाहीत पण जोरात बोलता हो तुम्ही लोक.

जरा जास्तच बोलले का? नाही. बरोबर बोलले. पण त्याने कालच्या खोटेपणात काहीच केलं नव्हतं, हेही खरं.


त्याच दिवशी, दुपार. मालबोटीवर, धक्क्याला

तो परत आला. विमान आजही नाही, आणि माझं फ्रांकफुर्टचं उद्या. ते गेलं तर पुढचं आठवड्याने. अमेरिकेमार्गे परतणं माझ्या कामाचं नाही, व्हिसा. मालबोट आज दुपारी मो.बे.ला जाते. वाऱ्याचं विमानाला वावडं, बोटीला नाही. कप्तान त्याच्या ओळखीचा, प्लांटचे सुटे भाग तोच आणतो.

— याची परतफेड म्हणून काही मागणार नाही, म्हणाला.
— मागितलंस तरी मिळणार नाही.
— गेनाऊ.

बेट बघितलं नाही. गाडीत डोळे मिटून बसले, धक्का येईपर्यंत. तो म्हणाला, डावीकडे प्लांट आहे माझा. मी डोळे उघडले नाहीत. तो म्हणाला, बरं. मग सांगत राहिला, आता चर्च, आता शाळा, आता एक बकरी मध्ये उभी आहे, म्हणून थांबलोय. गाडी खरंच थांबली होती. बकरी बघायला मी एक डोळा उघडला. तपकिरी. याची नोंद पुस्तकात होणार नाही.

धक्क्यावर बोट रिकामी होत होती. कांद्याची पोती, गॅसच्या टाक्या, आणि सगळ्यात वर काकूंची कापडी पिशवी. विमान नाही म्हणून कुणीतरी बोटीवर चढवलेली. आपल्या माणसांची पिशवी समुद्रात टाकली तरी पोचेल.

तो तिथेच खाली बसला, दोरखंडाच्या वेटोळ्यावर. मेतकुटाची पुडी दाताने फाडली, तळहातावर ओतून नुसतंच चाटलं. मग हात माझ्यापुढे केला. मी एक बोट लावलं. माझ्या घरचं नव्हतं, हिंग जास्त होता. तरी डोळ्यात पाणी आलं. वाऱ्याने. इथे सगळं वाऱ्यावर ढकलता येतं.

बोटीचा भोंगा. फळीवर पाय ठेवला तेव्हा मागून:

— सई, मी होकार कळवणारे.
— काय?
— माझा. माझा होकार. तुझं तू बघ.
— तुला काय माहीत आहे माझ्याबद्दल?
— पंखा बंद केला, दिवे बंद केले, तरी तू उठली नाहीस. एवढं पुरे.
— हे ब्लॅकमेल आहे!
— नाही. तू खरं बोललीस, मग मी पण बोललो. तू ‘नाही’ म्हण की! मला चालेल. पण मी ‘विचार करतोय’ असं खोटं नाही सांगणार आता. तूच शिकवलंस ना सकाळी, फाटकातून?

आणि फळी काढली.

आता मी बोटीवर. तो धक्क्यावर, पिशवी पोटाशी धरून. हात हलवत नाहीये. मी पण नाही.

ओकायला होतंय. पुढचं नंतर.


१७ फेब्रु., मंगळ. मो.बे., विमानतळ

जिवंत आहे. बोटीवर फक्त बादली बघितली. कप्तान म्हणाला, क्षितिजाकडे बघ. म्हटलं, बघायचं नाही असं ठरलंय. तो म्हणाला, मग ओक.

फोन चालू केला आणि चुकलं.

होकार माझ्या आधी पोचला. आईचे इतके मिस्ड कॉल की फोन गरम. सुलभाकाकूंचा व्हॉइस मेसेज, आधी रडणं, मग ‘अहो, रेकॉर्ड होतंय ना हे?’, मग पुन्हा रडणं. फॅमिली ग्रुपवर ठाण्याची मावशी: ‘सईने वर शोधला तोही सातासमुद्रापार!! 🥰’. कुणी शोधला? पिशवी कुणी भरली? मामाने विचारलंय, बेटावर हॉल मिळतो का. बाबांनी हवामान विचारलंय.

आईला फोन केला.

— मुलाकडून होकार आहे, सई.
— मला माहितीये. माझ्या तोंडावर दिला त्याने.
— बघ! किती सरळ आहे.
— आई, माझ्याकडून काय आहे हे कुणी विचारलं?
— आता तेच तर विचारतेय. आवडला का?

ठेवून दिला.

वहीतल्या नोंदी वाचल्या. जाण्याबद्दल थोडं. येण्याबद्दल एक बादली. बाकी सगळं मधलंच. काउंटर, पंखा, फाटक, बकरी. पुस्तक गेलं खड्ड्यात. की हेच पुस्तक आहे? एक पान फाडणार नाही. माझा नियम मीच मोडला तर ते मोडणंही माझंच.

आता खरं काय ते. इथे तरी.

आवडला नाही असं छातीठोक लिहिता येत नाहीये. तीनदा लिहायला घेतलं. तो काल बकरी सांगत होता तेव्हाचा आवाज. ‘म्हणून थांबलोय’. पण आवडला म्हटलं तर त्या दोघी जिंकल्या. त्यांची पिशवी जिंकली, कुर्ता, केस धुऊन जा, सगळं जिंकलं. आणि नाही म्हटलं तर ते ‘नाही’ फक्त त्या हराव्यात म्हणून. दोन्हीकडे त्याच. मी कुठे?

मला माझं उत्तर हवंय, त्यांच्या प्रश्नाचं नको.

शेजारच्या खुर्चीवर तीच स्ट्रॉ हॅटवाली बाई, नाक सोललेलं. कसं होतं बेट? म्हटलं, माहीत नाही. या वेळी नवराही सरकला.


१८ फेब्रु., बुध. फ्रांकफुर्ट – स्टुटगार्ट, गाडीत

बर्फ नाही, पाऊस नाही, फक्त ती नेहमीची करडी थंडी. बरं वाटलं. इथे कुणी टाळ्या वाजवत नाही.

तन्मयचा मेसेज. ‘आई विचारतेय तू काय म्हणालीस. मी सांगितलं, मला विचारू नकोस, तिला विचार. तिने विचारलं, मग तू काय करतोस? म्हटलं, पाणी गोडं करतो.’ खाली: ‘उत्तर नको पाठवूस. नुसतं पोचलीस ते कळव.’

टाइप केलं: पोचले. पाठवलं. मग लक्षात आलं, हाच तो शब्द जो पुस्तकात येऊ द्यायचा नव्हता.

मानहाइमच्या पुढे काकूंचा फोन.

— अगं, आम्ही स्टेशनवर आलोय तुला घ्यायला! यांनी गाडी लावली, पार्किंग मिळालं बघ, शुभशकुन!
— काकू, मी S-बानने, लोकलने जाते.
— छे! थकली असशील. घरी चल, गरम वरणभात टाकते. तुझी आई पण लाइनवर आहे, हे घे, कॉन्फरन्स लावलाय—
— सई? ऐकू येतंय का? जेवलीस का? काय ठरवलंस?

दोघी एकदम. एका कानात नाशिक, एका कानात प्लॅटफॉर्मची अनाउन्समेंट. समोरचे जर्मन आजोबा पेपरवरून बघायला लागले, हा शांततेचा डबा आहे, फोन बंद.

हळू आवाजात म्हटलं:

— तुम्ही मला जाताना विचारलं नाहीत.
— अगं, ते जाऊ दे ना आता—
— नाही जाऊ देणार. विचारलं नाहीत. म्हणून आल्यावर मी सांगणार नाही. ना हो, ना नाही.
— म्हणजे? – आई.
— म्हणजे उत्तर आहे. माझ्याकडे. आणि ते तुम्हाला मिळणार नाही.
— मग त्याला तरी सांगणार का? – काकू. आवाज एकदम बारीक. मला जरा वाईट वाटलं. जराच.
— ते मी आणि तो बघू. तुम्ही दोघी त्यात नाही.

मागून काका, लांबून, ‘काय म्हणाली?’ आणि काकू, ‘अहो, ती सांगत नाहीये!’ आणि काका हसले. मोठ्याने हसले. मला काका पहिल्यांदाच आवडले.

बोगदा. रेंज गेली. बाहेर आलो की शहर.

उत्तर काय आहे ते इथेही लिहीत नाही. आई सुट्टीत आली की पडलेलं काहीही वाचते.

गाडी हळू झालीय. प्लॅटफॉर्म. काकू दिसल्या, टाचा उंचावून एकेका खिडकीत बघतायत, अजून मला पाहिलं नाहीये त्यांनी. आजोबा बॅग काढायला मदत करू का म्हणाले. नाइन, डांके, म्हटलं, माझी मीच घेते.